बंपरचे तुटके कान

सोलापूरहून होटगीकडे जाताना एखादा गतिरोधक जोरात लागला, तर बंपर बाहेरून शाबूत दिसतो. पण त्याला गाडीशी अडकवून ठेवणारे आतले कान तुटलेले असतात. वर्षानुवर्षं सोलापूरचं चाळिशीपार ऊन सोसलेलं प्लास्टिक ठिसूळही झालेलं असतं.

तरी त्यासाठी अख्खा बंपर बदलायची गरज सहसा नसते.

झटपट चिकटणारा गोंद मात्र इथे टिकत नाही. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. इटलीच्या जूलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये घडवलेल्या या प्लास्टिकचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्याला साधा गोंद धरत नाही.

म्हणून जोडायचं ते वितळवून. बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो. ‘पीपी’, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दिसलं, तर त्याच प्लास्टिकची कांडी घ्यावी. भेगेच्या कडा तासून खाच करावी, दोन्ही बाजू आणि कांडी एकत्र वितळवावी. हे प्लास्टिक साधारण १६० अंश सेल्सियसला वितळतं. मागून स्टीलची बारीक जाळी रुतवली, की कान पुन्हा ताण सोसतो.

प्लास्टिक करपू देऊ नका, आणि हे काम मोकळ्या हवेतच करा.