कार्ड नखाएवढे, झोप साऱ्या लॅपटॉपची

लॅपटॉपचे झाकण मिटले की तो झोपला, असे आपण धरून चालतो. पडदा काळा होतो, आपण तो पिशवीत टाकतो आणि बस गाठायला धावतो. पुढे पिशवी मांडीला गरम लागते, आत पंखा घरघरत असतो आणि धारवाड येईपर्यंत बॅटरी संपलेली असते.

विंडोज १० ची नियमित अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हापासून ही तक्रार माझ्याकडे अधिक येते. धडधाकट जुना लॅपटॉप टाकायचा कशाला, म्हणून काही घरांनी त्यावर लिनक्स चढवले. चांगलेच केले. परवान्याचे पैसे नाहीत, आणि मराठी-कन्नड दोन्ही लिप्यांत लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना कीबोर्ड झटकन बदलता येतो. पण लॅपटॉप झोपत नाही म्हटले की लगेच ‘लिनक्सच वाईट’ असा निकाल लावून लोक मोकळे होतात. कित्येकदा अपराधी बाजूच्या खाचेत बसलेले असते. ते म्हणजे मेमरी कार्ड.

आधी झोपण्याची रीत पाहू. हुकूम सुटला की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत राहिलेले लिखाण डिस्कवर आणि कार्डावर उतरवून घेतो. मग चालू असलेले सगळे प्रोग्राम जागच्या जागी गोठवतो. त्यानंतर एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला झोपायला सांगतो. यात कुणी एकाने जरी नकार दिला, तरी झोपेचा बेत रद्द होतो आणि गोठवलेले सगळे पुन्हा जागे केले जातात. घरात एक पोर रडत असले की कुणाचाच डोळा लागत नाही, तसेच हे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी हेच झाले होते. वडिलांकडची मराठी, आईकडची कन्नड. तिने आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि अज्जीची जोगुळाची पदे ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. लॅपटॉपची डिस्क जेमतेम ३२ जीबी, म्हणून हा सारा ठेवा एका जुन्या कार्डावर, आणि कार्ड कायमचे खाचेत. अज्जी २०२३ साली गेल्या. म्हणजे त्या कार्डाची किंमत काय, हे दुकानात विचारण्यात अर्थ नव्हता.

‘सर, लॅपटॉप झोपतच नाही. परवा तर बॅटरी संपून आपोआप बंद पडला,’ ती म्हणाली. कार्डावर लिखाण चालू असताना असे बंद पडणे फार वाईट. फायलींची यादीच बिघडू शकते. टर्मिनल उघडून आम्ही कर्नलची रोजनिशी पाहिली. जर्नलसीटीएल ही आज्ञा, पुढे जोडरेघ आणि के हे अक्षर, एवढे लिहिले की ती दिसते. तिथे स्पष्ट नोंद होती: २० सेकंद वाट पाहूनही एक प्रोग्राम गोठला नाही. प्रोग्रामचे नावही होते. फायलींची सूची करणारा तो साधा मदतनीस कार्डावरचे काहीतरी वाचायला गेला आणि तिथेच अडकला होता. असा प्रोग्राम उत्तराची वाट पाहत थिजलेला असतो. त्याला गोठवता येत नाही आणि सक्तीने मारायला गेले तरी तो मरत नाही.

तिची आई मेथी निवडत आमचे बोलणे ऐकत होती. ‘अदन्न तेगदु नोड,’ ती म्हणाली. जाणकार मंडळी तासभर सेटिंग बदलत बसतात, तोवर घरातली बाई सांगते की ते काढून तर बघ!

पण चालू कार्ड उपटायचे नसते. आम्ही लॅपटॉप रीतसर बंद केला (बंद व्हायलाही त्याने बराच वेळ घेतला), कार्ड काढले आणि पुन्हा सुरू केला. पाचदा झाकण मिटले, पाचही वेळा तो झोपला. मग दुसरे, नवे कार्ड घातले. तरी झोपला. म्हणजे खाच ठीक, ड्रायव्हर ठीक, दोष जुन्या कार्डात. ते दुसऱ्या संगणकाला लावले, तर तिथेही वाचता वाचता अडू लागले.

अशा वेळी कार्ड दुरुस्त करण्याच्या फंदात आधी पडू नये. आधी नक्कल. डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम कार्डाचा चांगला भाग आधी उचलतो, अडणारा भाग मागे ठेवतो आणि कुठवर आलो याची नोंदही ठेवतो. रात्रभर तो चालला. सकाळी दोन मुद्रणे सोडून सगळे हाती आले. त्या दोनांत एक ओवी होती, ती आजी पुन्हा म्हणतील. दुसरे अज्जींचे जोगुळ होते.

नव्या कार्डानेही झोप मोडत असती, तर संशय खाचेवर किंवा तिच्या ड्रायव्हरवर गेला असता. त्यासाठी कर्नलमध्ये पीएम-टेस्ट नावाची सोय आहे. तीत ‘फ्रीझर’ लिहिले की प्रोग्राम गोठवण्यापर्यंतचीच रंगीत तालीम होते; ‘डिव्हायसेस’ लिहिले की उपकरणे झोपवण्यापर्यंत. पाच सेकंदांनी सगळे परत जागे होते. पहिल्या तालमीत अडले तर एखादा प्रोग्राम, दुसऱ्या तालमीत अडले तर ड्रायव्हर. मग आधी नवा कर्नल घालून पाहावा. तेवढ्याने भागले नाही तर झोपण्यापूर्वी खाचेचा ड्रायव्हर उतरवणारी आणि जागे झाल्यावर चढवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिता येते. मात्र कार्ड आधी ‘इजेक्ट’ झालेले हवे. लॅपटॉप झोपून लगेच उठत असेल तर गोष्ट निराळी. तिथे खाचेला असलेली उठवण्याची परवानगी बंद करावी लागते.

आणखी एक. लॅपटॉप झोपलेला असताना कार्ड बदलू नका. यूएसबीने जोडलेल्या रीडरमध्ये कर्नल जागे झाल्यावर रीडर तोच आहे ना, एवढे पाहतो. आतले त्याच आकाराचे कार्ड बदलले तर ते त्याच्या लक्षात येईलच असे नाही. मग जुन्या कार्डाचे राहिलेले लिखाण नव्या कार्डावर पडते आणि त्यावरचा मजकूर खराब होऊ शकतो. लग्नाच्या फोटोंची दोन सारखी कार्डे असतात, तिथे तर हे सहज घडेल.

आणि झाकण मिटल्यावर पिशवीत टाकण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबा. अडलेल्या प्रोग्रामसाठी कर्नल वीस सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात पंखा थांबला आणि दिवा मंद लुकलुकू लागला, की लॅपटॉप खुशाल पिशवीत घाला.