चाक चढले, पण बसले का?



बैलगाडीचे चाक ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना त्याचे मर्म वेगळे सांगावयास नको. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लोखंडी धाव. आणि तुंबा कण्यावर नेमका कुठवर बसला आहे, यावर साऱ्या गाडीचा तोल. मोटारीच्या चाकालाही हाच नियम लागू आहे. मात्र मोटारीचा तुंबा, म्हणजे हब, रिमच्या आड झाकलेला असतो. आणि जे दिसत नाही ते मोजण्याचा आपण कंटाळा करतो.

हा कंटाळा किती महाग पडतो, ते मला सुरतेत कळले. माझ्या एका स्नेह्यांचे घराणे मूळचे धुळ्याकडचे. यंत्रमागाच्या धंद्यामुळे उधन्यास स्थायिक झालेले. वडिलांची स्टँडर्ड हेरल्ड मोटार त्यांनी मोठ्या हौसेने दुरुस्त करवून घेतली. ही मूळची इंग्लंडमधील ट्रायम्फची गाडी. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रचनाकाराने तिचा आकार रेखाटला, आणि 1961 पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. पुढे 1962 साली ट्रायम्फने हेरल्डचाच सांगाडा आखूड करून स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार काढली. तेव्हा हेरल्ड म्हणजे स्पिटफायरची थोरली बहीणच. साहजिकच आमच्या स्नेह्यांना वाटले, हिलाही धाकटीसारखा रुबाबदार साज चढवावा. एका दुकानदाराने आधुनिक छोट्या मोटारीची रुंद, चकचकीत चाके तासाभरात बसवून दिली. दुसऱ्या दिवशी ते नवापूरमार्गे धुळ्यास निघाले. कोंडाईबारीच्या घाटात वळणावर काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि स्टिअरिंग थरथरू लागले. उतरून पाहतात तो पुढच्या चाकाचे दोन नट नुसत्या हाताने फिरत होते!

असे का झाले? तीन मापे घेतली गेली नव्हती, म्हणून.

पहिले माप बोल्टांच्या वर्तुळाचे. हेरल्ड व स्पिटफायर या दोघींनाही चाकामागे चार बोल्ट असून, त्यांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास पावणेचार इंच, म्हणजे 95.25 मिलिमीटर आहे. समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर मोजले की तो मिळतो. आजच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत हाच व्यास 100 मिलिमीटर असतो. प्रत्येक बोल्टाच्या वाट्याला येणारा फरक अडीच मिलिमीटरहूनही कमी. त्यामुळे चाक ओढूनताणून चढते. परंतु नटाचे निमुळते तोंड छिद्राच्या एकाच बाजूस टेकते आणि हादऱ्यांनी तो सैल होत जातो. चढलेले चाक बसलेले असतेच असे नाही, ते यासाठी.

दुसरे माप ऑफसेटचे. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा कल्पावी. चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो, तो या मध्यरेषेपासून किती दूर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. टेकणारा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असेल तर ऑफसेट धन, आतल्या अंगास असेल तर ऋण. नव्या चाकांवर 'ई.टी.' या अक्षरांपुढे हा आकडा मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो. जुन्या चाकांवर तो बहुधा नसतो. तेव्हा आपणच मोजावा.

टायर काढलेले रिम दर्शनी बाजू खाली करून सपाट जमिनीवर ठेवावे. वरच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकून, तेथून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजावी. मग रिमची कडेपासून कडेपर्यंतची पूर्ण रुंदी घेऊन तिची निमपट करावी. खोलीतून ही निमपट वजा केली की ऑफसेट हाती येतो. एक खबरदारी मात्र हवी. रिमवर लिहिलेली रुंदी टायरच्या बैठकीची असते. कडांची रुंदी तिच्याहून साधारण एक इंच अधिक भरते. हे विसरल्यास उत्तर अर्ध्या इंचाने चुकते.

हिशोब समजण्यापुरते आकडे घेऊ. जुने रिम साडेतीन इंचांचे, म्हणजे कडांसह 114 मिलिमीटर, ऑफसेट 20. नवे साडेपाच इंचांचे, कडांसह 165; ऑफसेट 40. नवे चाक बाहेरच्या अंगास जेमतेम साडेपाच मिलिमीटर पुढे येते, पण आतल्या अंगास सुमारे 45 मिलिमीटर घुसते! बाहेरून पाहणाऱ्यास सारे ठीकच दिसते. दुकानदाराने चाक बाहेर ढकलण्यासाठी मध्ये स्पेसरची चकती घातली, तेव्हा मूळच्या आखूड बोल्टांवर नटांना धरावयास दोन-चारच आटे उरले. वास्तविक बोल्टाची जेवढी जाडी, निदान तेवढा तरी तो नटात शिरला पाहिजे.

उलट, ऑफसेट मूळच्यापेक्षा फार कमी घेतला तर चाक बाहेर जाते. लांब दांड्याच्या पहारीने धोंडा सहज हलतो. त्याच न्यायाने बाहेर गेलेले चाक हबच्या बेअरिंगवर अधिक ताण आणते, आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका स्टिअरिंगला बसतो.

तिसरे माप हलत्या चाकाचे. हेरल्ड अवघ्या 25 फुटांच्या वर्तुळात वळते, इतकी तिची पुढची चाके फिरतात. म्हणून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आतील मोकळी जागा पाहावी. हिचे बॉनेट मडगार्डांसकट उचलले जाते. ते उघडे असताना सारे मोकळे भासते. म्हणून ते मिटूनही पाहणे अवश्य आहे. मागची चाके वर उचलली जाताना कलतातही; तेव्हा गाडीत माणसे बसवून तपासावे. मडगार्डच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडला की टायर किती बाहेर आहे ते कळते. आतून कणकेचे गोळे चिकटवून गाडी सावकाश फिरवावी. जो गोळा चेपला, तेथे चाक घासणार हे समजावे.

आमच्या स्नेह्यांनी घाटात नट आवळले, गाडी हळूहळू माघारी आणली आणि जुनी चाके पुन्हा चढवली. ज्या सुरतेत हिऱ्याचा एकेक पैलू भिंगाखाली पारखला जातो, त्या सुरतेत त्यांनी चाक केवळ नजरेने घेतले होते. हिरा चुकला तर पैसा जातो. चाक चुकले तर माणूस जातो. सरळ पट्टी, फूटपट्टी, ओळंबा आणि अर्धा तास, एवढेच भांडवल येथे लागते. चाक विकत घेण्यापूर्वी ते अवश्य खर्चावे.