तपासाचा नवा साहाय्यक

कल्याण जंक्शन सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके घेत पुढे जाते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वसलेले उल्हासनगर, अकराव्या शतकातील शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले अंबरनाथ आणि गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढलेले बदलापूर, अशी ही तीन शहरे आहेत. २०११ च्या जनगणनेत त्यांची मिळून लोकसंख्या नऊ लाखांहून अधिक भरली. एवढ्या मोठ्या वस्तीच्या रक्षणाचे काम ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळाकडे आहे.

पूर्वी लहान खेड्यात अनोळखी माणूस आला, की तो चटकन ओळखू येई. चोरी झाली, तर गावचा जागल्या पावलांच्या ठशांवरून चोराचा माग काढी. परंतु ज्या स्थानकावर रोज हजारो लोक चढतात व उतरतात, तेथे कोण कोणाला ओळखणार? आता चौकांत, दुकानांत आणि स्थानकांवर कॅमेरे बसविलेले असतात हे खरे. पण कॅमेरा केवळ पाहतो, शोधीत नाही. एका कॅमेऱ्याचे रात्रभराचे चित्रण नीट पाहावयाचे, तर माणसाला सारी रात्र जागावे लागते. मग वीस कॅमेऱ्यांचे चित्रण तपासण्यास किती वेळ लागेल, याचा हिशेब सहज करता येईल.

फार मोठ्या साठ्यातून नेमकी एक गोष्ट शोधून काढण्याची ही अडचण नवी नाही. कोणत्याही दोन माणसांच्या बोटांचे ठसे सारखे नसतात, हे पोलिसांना एकोणिसाव्या शतकातच समजले होते. परंतु हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधावा कसा, हा प्रश्न होता. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी तो सोडविण्यास मोठा हातभार लावला. बोटांवरील रेषांच्या वळणांना अंक देऊन सर्व ठसे १,०२४ गटांत विभागण्याची पद्धत तयार झाली. त्यामुळे साराच साठा न चाळता एकच गट पाहिला, की काम भागू लागले. १८९७ साली कलकत्त्यास जगातील पहिले ठसे कार्यालय स्थापन झाले, ते याच पद्धतीच्या बळावर.

आज हेच काम संगणक करतो. महाराष्ट्र पोलिसांनी ठसे, चेहरा व डोळ्यांतील बुबुळ यांवरून ओळख पटविणारी ‘अँबिस’ ही यंत्रणा २०१९ पासून वापरात आणली. घटनास्थळी सापडलेला ठसा संगणकात घातला, की साठ्यातील त्याच्याशी जुळणारे ठसे थोड्याच वेळात पुढे येतात.

याच्या पुढची पायरी म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता होय. साध्या संगणकाला प्रत्येक कृती नेमून द्यावी लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेला मात्र असंख्य उदाहरणे दाखवितात आणि त्यांतील साम्य ती आपणच टिपते. ट्रकची लाखो चित्रे दाखविली, की न पाहिलेला ट्रकही तिला ओळखता येतो. चेहरा ओळखताना ती चेहऱ्याच्या चित्रापासून अंकांची एक मालिका बनविते आणि ती मालिका साठ्यातील इतर मालिकांशी ताडून पाहते. दोन मालिका पुरेशा जवळ आल्या, म्हणजे ‘हा तोच असावा’ असा इशारा देते.

या साधनाचा उपयोग कसा होतो, हे नागपूरच्या एका घटनेवरून दिसून येते. राज्य शासनाने पोलिसांच्या मदतीसाठी २०२४ साली ‘मार्व्हेल’ ही संस्था नागपूर येथे स्थापन केली. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर–जबलपूर महामार्गावर एका ट्रकची धडक बसून दुचाकीवरील एक महिला मृत्यू पावली. ट्रक न थांबता निघून गेला. तिच्या पतीला ट्रकचा क्रमांक सांगता येईना. ट्रकवर लाल खुणा होत्या, एवढेच त्याला आठवत होते. पोलिसांनी टोलनाक्यांवरील चित्रण गोळा केले. यंत्राने प्रथम लाल खुणा असलेले ट्रक निवडले, मग त्यांच्या वेगाचा हिशेब केला आणि एका ट्रककडे बोट दाखविले. अवघ्या ३६ तासांत, सुमारे ७०० किलोमीटर दूर, पोलिसांनी तो ट्रक ताब्यात घेतला व चालकास अटक केली.

नागपूरच्या २३ पोलीस ठाण्यांत तपासाला साहाय्य करणारी ‘महाक्राइम ओएस’ ही आणखी एक प्रणाली वापरून पाहण्यात आली. तक्रारीतील महत्त्वाची माहिती वेगळी काढणे आणि तपासाच्या पुढील पायऱ्या सुचविणे, अशी कामे ती करते. राज्यातील १,१०० पोलीस ठाण्यांपर्यंत ती पोहोचविण्याची योजना डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली.

यंत्र इतके उपयोगी असेल, तर सारा निर्णय त्याच्यावरच का सोपवू नये? याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. समजा, एका स्थानकावरून दिवसाला एक लाख लोक जातात आणि त्यांत पोलिसांना हवे असलेले पाच गुन्हेगार आहेत. यंत्राने ते पाचही ओळखले. परंतु हजार माणसांमागे एकदा त्याची चूक झाली. हजारांत एक चूक ही फारच थोडी वाटते. तथापि लाखाच्या गर्दीत अशा चुका शंभर होतील. म्हणजे यंत्राने ज्या १०५ जणांकडे बोट दाखविले, त्यांतील १०० जण निरपराध असतील! त्या सर्वांना पोलिसांनी गुन्हेगार मानले, तर केवढा अन्याय होईल!

ही भीती काल्पनिक नाही. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात एका माणसाला पोलिसांनी त्याच्या घरासमोर, पत्नीच्या व लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. दुकानातील घड्याळांच्या चोरीचे अस्पष्ट चित्र यंत्राने त्याच्या छायाचित्राशी जुळविले होते. त्याला सुमारे ३० तास कोठडीत काढावे लागले. पण त्याने चोरी केलीच नव्हती. पुढे त्याने न्यायालयात दाद मागितली. जून २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत, केवळ यंत्राने चेहरा जुळविला म्हणून कोणास अटक करावयाची नाही, हे तेथील पोलिसांना मान्य करावे लागले.

आपल्या देशातही नागरिकाचे रक्षण कायद्याने केले आहे. अटक झालेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे संविधानाचे २२ वे कलम सांगते. खाजगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने दिला. म्हणून कॅमेऱ्याने टिपलेले चेहरे कोण पाहतो, ते किती दिवस ठेवले जातात आणि चूक झाल्यास जबाब कोणी द्यावयाचा, हे प्रश्न विचारण्याचा नागरिकांना अधिकार आहे.

नागपूरच्या घटनेतही हाच धडा आहे. यंत्राने हजारो वाहनांतून एक वेगळे काढले. परंतु पतीचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले ते माणसाने, ट्रक अडविला तोही माणसानेच. चालकाचा दोष ठरविण्याचे काम तर न्यायालयाचे आहे. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्यास शिक्षा होता कामा नये, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे. यंत्राला ते कळत नाही आणि आपल्या चुकीबद्दल त्याला खेदही वाटत नाही.

उद्या उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या पोलीस ठाण्यात हा नवा साहाय्यक येईल, तेव्हा हरवलेले मूल लवकर सापडावे आणि चोर लवकर पकडला जावा, हीच सर्वांची इच्छा असेल. ती पुरी करण्यास यंत्राचा वेग हवा आणि त्याच्या प्रत्येक इशाऱ्याची खात्री करून घेणारा दक्ष, न्यायी माणूसही हवा.