राक्षसभुवनचा पूर, असईचा उतार आणि आमचा बांध



लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पानिपत येते, सिंहगड येतो. पण आपल्या अंबडच्या दक्षिणेला एक आणि उत्तरेला एक, अशा दोन मोठ्या लढाया होऊन गेल्या आहेत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. मलाही त्यांची आठवण झाली ती घरातल्या एका लढाईमुळे. ती आधी सांगतो.

माझा दोन एकर ऊस चुलत्यांच्या रानामागे आहे. त्यांना आम्ही नाना म्हणतो. वाटणी झाली तेव्हापासून माझी गाडीवाट नानांच्या बांधाकडेने. कागदावर कुठे लिहिलेली नाही, पण वहिवाट चालत आलेली. एका उन्हाळ्यात सामाईक बांधावरची बाभूळ मी नानांना न विचारता तोडली. झाड वाळत चालले होते, सावलीने पीक मरत होते, असे माझे म्हणणे. "बाभूळ माझ्या बापानं राखलेली होती," असे नानांचे म्हणणे. शब्दाला शब्द वाढला आणि बोलणे बंद झाले.

हंगामात तोडीची पाळी आली. टोळी फडावर उतरली, तर वाटेत काट्या टाकलेल्या. मुकादम दोन दिवस थांबला आणि म्हणाला, "मालक, तुमचं घरचं मिटवा, मला पोट हाय." टोळी दुसऱ्याच्या फडात गेली. माझा ऊस तुटायला पुढे पाच आठवडे लागले. तोवर तुरे येऊन गेले होते, कांड्या पोकळ पडल्या होत्या. काट्यावर वजन पाहिले तेव्हा मला घरी जायची लाज वाटू लागली. मुलीच्या लग्नासाठी धरलेला पैसा त्या वजनात होता.

मी तहसीलमध्ये रस्त्याचा अर्ज दिला. नानांनी वकील धरला. पेशीला आम्ही एकाच एसटीने जायचो. ते पुढच्या बाकावर, मी मागच्या.

त्याच सुमारास एका शनिवारी राक्षसभुवनला गेलो. वडीगोद्रीवरून शहागड, पूल ओलांडला की बीड जिल्हा, आणि पुढे गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी हे गाव. शनीचे ठाणे म्हणून आपण तिथे जातो. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी याच काठावर पेशवे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. घाटावर बसलो असताना शाळेत वाचलेली ती लढाई आठवली. घरी येऊन पुन्हा पुस्तक काढले.

लढाईच्या आधीची हकीकत आपल्या घरातलीच वाटावी अशी आहे. पानिपत १७६१ च्या जानेवारीत झाले. त्याच वर्षी माधवराव पेशवे झाले, वय अवघे सोळा. चुलते राघोबादादा यांना कारभार आपल्या हाती हवा होता. पुतण्या ऐकेना, तेव्हा चुलत्याने फौज जमवली आणि निजामाची मदत घेतली. चुलता-पुतण्याची लढाई जुंपली. १७६२ च्या नोव्हेंबरात भीमाकाठी आळेगावला माधवरावांनी शस्त्र खाली ठेवले आणि आपण होऊन चुलत्याच्या छावणीत जाऊन स्वाधीन झाले. पेशवेपद हाती होते. तरी नमते घेतले, कारण घर फुटले तर राज्य बुडेल हे त्यांना दिसत होते.

त्याने सगळे लगेच सुधारले असे नाही. राघोबादादांच्या कारभारावर नाराज झालेले सरदार निजामाला मिळाले, आणि १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटून जाळले. पण त्या वेळी चुलता-पुतणे एका बाजूला होते. दोघांनी मिळून निजामाच्या मुलखात धुमाकूळ घातला. नागपूरच्या जानोजी भोसल्यांना निजामापासून फोडून आपल्याकडे वळवले.

ऑगस्टात गोदावरी दुथडी भरली. निजाम अली औरंगाबादेकडे निघाला होता. तो काही फौजेनिशी नदी उतरून उत्तर तीरावर, म्हणजे आपल्या बाजूला आला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला. मध्ये पूर. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली. लढाई घनघोर झाली. एका क्षणी राघोबादादाच शत्रूच्या वेढ्यात सापडले, तेव्हा अठरा वर्षांच्या पुतण्याने फौज पुढे घालून पारडे फिरवले. विठ्ठल सुंदर पडला. निजामाला पाण्यापलीकडून काही करता आले नाही. पुढच्या तहात ८२ लाखांचा मुलूख त्याला सोडावा लागला.

माझ्या मनात बसले ते एवढेच. ज्याची फौज दोन तीरांवर वाटली गेली, तो हरला. ज्यांचे घर वर्षापूर्वी दोन तीरांवर होते, ते त्या दिवशी एका तीरावर होते.

आता दुसरी लढाई. आपल्याच जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असई हे गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेची इंग्रजांच्या वेलस्लीशी गाठ पडली. शिंद्यांची कवायती पायदळे आणि शंभराच्या आसपास तोफा उभ्या होत्या. गोलंदाज तोफांपाशी शेवटपर्यंत झुंजले. इंग्रजांची पंधराशेवर माणसे मेली किंवा जखमी झाली. तरी मैदान त्यांच्या हाती गेले आणि ९८ तोफाही गेल्या.

त्या दिवशी यशवंतराव होळकर कुठे होते? दूर. शिंदे-होळकरांचे जुने वैर होते. यशवंतरावांचा एक भाऊ शिंद्यांच्या हल्ल्यात मेला होता, दुसऱ्याला बाजीराव पेशव्याने पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला होळकरांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, आणि बाजीराव पळून जाऊन वसईस इंग्रजांच्या आश्रयाला गेला. यशवंतरावांचे दुःख खोटे नव्हते. पण शिंदे-भोसले लढले तेव्हा ते बाजूला राहिले, आणि १८०४ मध्ये ते लढले तेव्हा एकटेच होते. ज्याची बाजू खरी, तोही एकटा पडला की हरतो.

असईची आणखी एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. केळणा ओलांडायची होती, पण वाटाडे म्हणाले, पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले, तर नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे दिसली. त्याने ताडले, की समोरासमोर वस्ती आहे त्या अर्थी माणसांचे येणेजाणे असणार, म्हणजे मध्ये उतार असणारच. पाहायला माणूस पाठवला, आणि उतार सापडला.

आम्ही शेतकरी माणसे, ही अक्कल आपल्याला आधी सुचायला हवी. मी विचार केला, नानांच्या आणि माझ्या घरामध्ये उतार कुठे असेल? बोलणे बंद होते, पण पोळ्याला काकूने आमच्या धाकटीच्या हाती पुरणाच्या पोळ्या पाठवल्या होत्या, हे मला माझ्या बायकोने तेव्हाच सांगितले होते. मी ऐकून सोडून दिले होते. लेकरांचे आणि बायकांचे येणेजाणे कधी थांबलेलेच नव्हते.

एका संध्याकाळी त्याच वाटेने गेलो. नाना गोठ्यात होते. म्हणालो, "नाना, झाड न विचारता तोडलं, ते चुकलं." वाट, अर्ज, वजन, काही बोललो नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग काकूला हाक मारून म्हणाले, "दोन कप टाक." चहा झाल्यावर म्हणाले, "तुझ्या गाड्या माझ्या उभ्या उसातून कशा जातील, सांग बरं? माझं रान काय नुकसानीला ठेवलंय?"

हे मी कधी ऐकूनच घेतले नव्हते. त्यावर तोड निघाली ती साधीच. पुढच्या साली दोघांनी लागण एकाच आठवड्यात केली आणि नोंदही एकदम दिली, म्हणजे तोडीची पाळी बरोबर यावी. एकच टोळी, आधी नानांचा फड, तो रिकामा झाला की त्यातून माझ्या गाड्या. शिवाय बांधाकडेने वाटेपुरती पट्टी मोकळी सोडली, अर्धी त्यांची, अर्धी माझी. हे सारे कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या आणि अर्ज मागे घेतला. मुलीचे लग्न एक वर्ष पुढे गेले, पण अक्षता टाकायला नाना पहिल्या रांगेत होते.

नमते घेतले की दर वेळी भागतेच, असे मी म्हणत नाही. राघोबादादा पुन्हा उठले, तेव्हा १७६८ मध्ये माधवरावांनी धोडपला त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. कोणी ऐकतच नसेल तर कायदा आहे, तहसील आहे. पण माधवराव आधी आळेगावला गेले होते, आणि धोडपला मग. आपण बहुतेक जण थेट धोडपलाच जातो.

आपल्यातल्या कितीतरी जणांचा ऊस असाच काट्यांपायी वाळतो. पाऊस आणि भाव आपल्या हाती नाहीत. बांध मात्र आहे. लागणीची नोंद द्यायला जाल, तेव्हा शेजारच्या भावकीला एकदा विचारून पाहा, तुझी लागण कधी?

नाना अजूनही अधूनमधून त्या बाभळीचा विषय काढतात. मी ऐकून घेतो.