बर्फ कमी पडलेल्या वर्षी हिमालयात: ऐकीव काय, खरे काय

नायगावहून बर्फ बघायला निघायचे म्हटले की वाट ठरलेली असते. नांदेड गाठायचे, सचखंड एक्स्प्रेस धरायची. मनालीवाले अंबाल्याला उतरतात, काश्मीरवाले अमृतसरहून पुढे जम्मूचा रस्ता धरतात. दोन-तीन घरे मिळून निघतात, सोबत एखादी आत्या, शेजारचे काका-काकू आणि दशम्या-चटणीचा डबा. अडचण एकच. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि बर्फाचा भरवशाचा अंदाज फार तर आठवडाभर आधी मिळतो. तिकीट काढताना बर्फ असेल की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे तपकिरी पडली होती. उत्तर-पश्चिम भारतात त्या महिन्यात जेमतेम ३ मिलिमीटर पाऊस झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा जानेवारी क्वचितच सापडतो. पुढच्याच वर्षी बर्फाअभावी गुलमर्गची खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलावी लागली. अशा वर्षी घरच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यातले बरेचसे सल्ले चुकीचे असतात, एक-दोन तर घातक.

"कडाक्याची थंडी आहे, म्हणजे बर्फ असणारच"

थंडी लागतेच, पण नुसत्या थंडीने बर्फ पडत नाही. वर ओलावा यावा लागतो, आणि हिवाळ्यात तो आणून देतात पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूने सरकत येणाऱ्या या हवामान-प्रणाली हिमालयाला अडल्या की बर्फ पडतो. त्या आल्याच नाहीत, किंवा आल्या आणि उत्तरेकडून निसटल्या, तर पारा उणे दहाला जाऊनही जमीन कोरडीच राहते. लडाखमध्ये थंडी काय कमी असते? पण लेहला वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटरच पडतो. २०२४ च्या त्या जानेवारीत तर उलटेच चित्र होते. खाली मैदानात दाट धुके आणि हुडहुडी, वर श्रीनगरात काही दुपारी लख्ख ऊन.

या पश्चिमी वाऱ्यांशी आपलाही संबंध आहे. त्यांचा पट्टा दक्षिणेकडे खोल उतरला आणि त्याला समुद्राकडून ओल मिळाली की मराठवाड्यात गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गहू, ज्वारी, द्राक्षे झोडपली गेली ती अशाच जुळणीने.

"बर्फ म्हणजे डिसेंबर-जानेवारी"

काश्मिरी लोक हिवाळा तीन भागांत मोजतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द, शेवटी १० दिवस चिल्लई बच्चा. सर्वांत कडक थंडी पहिल्या ४० दिवसांत असते आणि बर्फही तेव्हाच पडावा अशी अपेक्षा असते. अलीकडे काही वर्षी मात्र तो उशिरा येतो. २०२४ मध्ये गुलमर्गला खरा बर्फ आला तो जानेवारी संपताना, आणि खेलो इंडियाच्या शर्यती २१ ते २५ फेब्रुवारीला नीट पार पडल्या. २०२५ मध्ये २२ फेब्रुवारीला ठरलेली स्पर्धा शेवटी ९ ते १२ मार्चला झाली. नाताळच्या सुट्टीत रिकाम्या कुरणात फोटो काढून परतलेल्या कुटुंबाला मार्चमधले ते व्हिडिओ बघून काय वाटले असेल, ते वेगळे सांगायला नको.

आपल्याकडची खरी गाठ इथे आहे. महाराष्ट्राच्या शाळांचे वेळापत्रक आणि हिमालयातल्या बर्फाचे वेळापत्रक जुळतच नाही. दिवाळीच्या सुट्टीत खालच्या उतारांवर बर्फ आलेला नसतो, मे महिन्यात तो वितळलेला असतो, आणि हमखास असतो त्या फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावीच्या परीक्षा. घरात परीक्षेचे पोर नसेल तर फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आणि मार्चचा पहिला, हा काळ मला सर्वांत पटतो. परीक्षार्थी असेल तर पेपर संपल्यावर जावे. गुलमर्गच्या गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, वरच्या टप्प्यावर तेव्हाही बर्फ सापडतो. मेच निवडावा लागला तर रोहतांग आहे. ३,९७८ मीटरवरच्या त्या खिंडीत मे महिन्यात रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती उभ्या असतात. मात्र रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली आहे, परवाना आधी काढावा लागतो. मनालीत उतरून सकाळी टॅक्सीवाल्याला "चला रोहतांगला" म्हणून भागत नाही.

"बर्फ नाही, म्हणजे स्कीइंग विसरा"

पहिल्यांदा पायाला स्की बांधणाऱ्याला डोंगरभर बर्फ लागतच नाही. पहिले दोन दिवस जातात ते पडायला आणि उठायला शिकण्यात, आडवे पाऊल टाकत चढण्यात, आणि स्कीची पुढची टोके जवळ आणून वेग मारण्यात. त्याला शाळेच्या मैदानाएवढा सौम्य उतार आणि त्यावर दाबून बसवलेला बर्फ पुरतो. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था, मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि औलीला गढवाल मंडल विकास निगम यांचे नवशिक्यांसाठी अभ्यासक्रम असतात. तासाच्या बोलीवर वाटेत भेटलेल्या गाइडपेक्षा हे कधीही चांगले.

मग म्हणतात, "यंत्राने बर्फ करता येतो ना!" येतो, आणि जगात आता तेच चालले आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमधले उतार जवळपास पूर्णपणे यंत्राच्या बर्फाचे होते. पण यंत्र काही हवे तिथे बर्फ पाडत नाही. पाण्याचे बारीक तुषार हवेत फवारायचे आणि खाली पडेपर्यंत ते गोठले पाहिजेत. आपला कूलर एप्रिलच्या कोरड्या उन्हात गारवा देतो आणि जुलैत नुसती चिकचिक करतो, त्यामागे जे आहे तेच इथेही आहे. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन जास्त आणि थेंब तितका लवकर थंड. म्हणून नुसते तापमान बघून चालत नाही. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा साधारण उणे दोनच्या खाली यावा लागतो. रात्री उबदार असतील तर यंत्रे गप्प बसतात. औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या वेळी अशी यंत्रे बसवली. तरी पुढे तिथल्या स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्याच. यंत्राला पाणीही मुबलक लागते. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यालेल्या लातूरकराला ते वेगळे समजावून सांगायला नको.

मुलांना फक्त बर्फ हाताळायचा असेल, तर त्यासाठी हिमालयच हवा असे नाही. नायगावपासून सर्वांत जवळचा बर्फ हैदराबादच्या स्नो वर्ल्डमध्ये आहे, २००४ पासून. हिमालयाची सर त्याला नाही, पण सहा वर्षांच्या पोराला हा फरक कोण सांगणार?

"पातळ बर्फ म्हणजे धोका कमी"

हा समज सर्वांत घातक. आधी साधी गोष्ट: पातळ थराखाली दगड, बुंधे, नाल्यांच्या कडा दडलेल्या असतात आणि स्कीचे टोक त्यांतच अडकते. दिवसा विरघळलेला बर्फ रात्री गोठून सकाळी काचेसारखा टणक होतो. त्यावर पडले की मनगट मोडते. अशा दिवसांत सकाळी आठला उतारावर धावण्यात शहाणपणा नाही. दहा-अकरापर्यंत ऊन लागू द्यावे, तोवर नून चहा प्यावा. स्लेजवर बसणाऱ्या आजी-आजोबांनाही पातळ बर्फात दगडांचे धक्के बसतात. कंबरदुखी असेल तर त्यांनी सरळ नाही म्हणावे.

मोठा धोका वरच्या उतारांवर असतो. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, तर निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे पंधरापर्यंत जातो. थर जाड असला तर हा फरक हळूहळू पसरतो. थर वीतभरच असला तर तेवढ्यात इतका फरक मावतो, खालून वाफ वर सरकते आणि आतले कण पुन्हा गोठून मोठे, कोरडे, सुटे होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. आठवडेच्या आठवडे कोरडे गेले की हा कच्चा पाया तयार होतो. मग एकदम दोन-तीन फूट ताजा बर्फ पडतो, सगळे आनंदाने वर धावतात आणि अख्खा थर खालून सुटून निसटतो. २२ फेब्रुवारी २०२४ ला, खाली खेलो इंडियाच्या शर्यती चालू असताना, गुलमर्गच्या वरच्या उतारावर हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीपटू मरण पावला. त्याआधी १ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर दोन पोलिश पर्यटकांचा जीव गेला होता. हे उतार खुणा केलेल्या मार्गाबाहेरचे होते आणि नवशिक्यांचा तिथे संबंध येत नाही, हे खरे. पण कोरड्या महिन्यानंतर पहिला मोठा बर्फ पडला की दोन दिवस वर न जाणे सगळ्यांनाच लागू आहे, आणि गस्ती पथकाने दोरी बांधली असेल तर ती ओलांडायची नाही.

"वर दम लागला तर कापूर हुंगा"

मराठी सहलींत कापराची पुडी असतेच, आणि कमी बर्फाच्या वर्षी तिची आठवण जास्त येते. कारण खाली बर्फ नसला की सगळे तो शोधत वर जातात. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगदूरीला, ३,०८० मीटरवर, सोडतो आणि दुसरा अफरवटला, साडेतीन हजारांच्या बराच वर, ३,९५० मीटरच्या आसपास. नांदेड समुद्रसपाटीपासून जेमतेम ३६० मीटरवर. इथून गेलेला माणूस दोन दिवसांत तिथे उभा राहिला तर डोके दुखणे, मळमळणे साहजिक आहे.

कापराने नाकात गार वाटते, एवढेच. रक्तातला प्राणवायू त्याने कणभरही वाढत नाही. लहान मुलाने तो तोंडात टाकला तर विषबाधा होते, म्हणून पुडी पोरांच्या हाती अजिबात देऊ नये. वर हळू चालावे, पाणी प्यावे, पहिला दिवस खालीच काढावा, आणि त्रास वाढला तर लगेच खाली उतरावे. उतरण्यासारखा दुसरा उपाय नाही. थंडीवर म्हणून घेतलेली रम-ब्रँडीही तशीच: ऊब वाटते खरी, पण कातडीकडे रक्त धावल्याने शरीराची उष्णता उलट बाहेर जाते. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी दुसऱ्या टप्प्याचे तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. हे तिकीट ऑनलाइन, आगाऊ काढावे लागते. ऐनवेळी रांगेत मिळेल या भरवशावर राहू नये.

"पॅकेजमध्ये 'स्नो पॉइंट' लिहिलेला आहे"

स्नो पॉइंट म्हणजे त्या दिवशी गाडी थांबते ती जागा. बर्फ सरकला की पॉइंटही सरकतो, कधी सोलंगला, कधी अटल बोगद्यापलीकडे. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: गावाचे नाव, आणि तिथे बर्फ नसेल तर पुढे नेण्याचा खर्च कोण देणार. गमबूट आणि कोट भाड्याने घेण्याची घाईही नको. आधी बर्फ आहे का बघा.

"बर्फच नाही तर तिथे बघायचे काय?"

ढग नसलेले आकाश. बर्फाळ आठवड्यात औलीला जाऊनही नंदादेवी न दिसलेली माणसे पुष्कळ आहेत; कोरड्या जानेवारीत ७,८१६ मीटरचे ते शिखर सकाळपासून समोर असते. रस्ते उघडे राहतात. भरपूर बर्फ असताना तंगमर्गहून गुलमर्गला जायला चाकांना साखळ्या लावलेली गाडी करावी लागते. कमी बर्फात ते १३ किलोमीटर साध्या टॅक्सीने होतात. मनालीला १५५३ चे हिडिंबा मंदिर आहे, वशिष्ठला गरम पाण्याची कुंडे आहेत, नग्गरला चित्रकार रोरिकचे चित्रदालन. ज्योतिर्मठाला नरसिंह मंदिर आहे. बद्रीनाथाची दारे बंद असतात तेव्हा हिवाळ्यातली उपासना तिथे चालते. श्रीनगरात पहाटे मटणाची हरीसा मिळते, फक्त हिवाळ्यात. शाकाहाऱ्यांनी कहवा घ्यावा. बर्फ भरपूर असला की यातले निम्मे राहून जाते.

"हिमालयात बर्फ कमी, म्हणजे यंदा आपल्याकडे पाऊस कमी"

सहलीहून परतल्यावर हे बांधावर हमखास ऐकू येते. गंमत अशी की हवामान खात्याने आपला पहिला पावसाळी अंदाज १८८६ मध्ये दिला तो हिमालयातल्या बर्फावरूनच, आणि तर्क याच्या नेमका उलट होता. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले होते की हिमालयात बर्फ जास्त असेल तर मान्सून कमजोर पडतो. जमीन तापायला उशीर होतो म्हणून. पुढे हे नातेही डळमळीत निघाले. आजच्या अंदाजात प्रशांत महासागराच्या तापमानापासून कितीतरी गोष्टी धरतात.

ताजी उदाहरणे घ्या. २०२४ चा हिवाळा कोरडा गेला, पाऊस देशात सरासरीच्या १०८ टक्के झाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला नांदेड-परभणी-हिंगोली पाण्याखाली गेले. २०२५ मध्ये हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते, २३ वर्षांतले सर्वांत कमी; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या शेजारच्या मुखेड तालुक्यात पुराने माणसे आणि गुरे नेली. दोन वर्षांवरून नियम बांधता येत नाही, त्यामुळे यावरून ब्लॅनफोर्डसाहेब बरोबर होते असेही म्हणू नये. कमी बर्फाचा फटका सिंधू-गंगेच्या खोऱ्यांतल्या नद्यांना आणि काश्मीर-हिमाचलच्या सफरचंदांना बसतो. गोदावरी आणि मांजरा पावसावर वाहतात. सोयाबीनची पेरणी आपल्याला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओली झाल्यावरच करायची आहे, गुलमर्गला मार्चमध्ये कितीही बर्फ पडला तरी.