गणेश शेतकरी, फुकट इंटरनेट आणि उसाची ट्रॉली

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे काय ते एकदा उसाच्या भाषेत सांग की." पोरगं चेष्टेत बोललंय हे कळतंय मला. पण मी आष्ट्याचा. हंगामात आमच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला असतो, आणि ओव्हरटेक करायला जागा मिळेपर्यंत एक अख्खा पॉडकास्ट ऐकून होतो. तेव्हा उसाच्याच भाषेत सांगतो. हा त्या भागाचा लिहून काढलेला मजकूर आहे. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' बरेचसे काढलेत. सगळे नाही निघाले.

तुमच्यातले बरेच जण 2015 साली शाळेत असतील. त्या वर्षी आपल्या देशात इंटरनेटवरून जे भांडण झालं, त्याचा हिरो म्हणून आपल्याच राज्यातला एक शेतकरी उभा केला होता. नाव गणेश. 28 डिसेंबर 2015 ला मार्क झुकरबर्गनं टाइम्स ऑफ इंडियात एक लेख लिहिला. महाराष्ट्रातला गणेश नावाचा शेतकरी फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' वापरतो, पावसाळ्याआधी हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवीन पिकं घेतोय, जनावरं घेतोय. यात इंटरनेटचं वाकडं काय झालं, असा त्याचा प्रश्न होता.

या गणेशवर तेव्हा लोकांनी लई विनोद केले. पण विनोद बाजूला ठेवा, प्रश्न वाजवी आहे. गरीब माणसाला काहीतरी फुकट मिळतंय, तर शहरात वायफायवर बसलेल्यांनी आडवं का यावं? मी इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर यावर रात्र-रात्र वाद झालेत, आणि फ्री बेसिक्सच्या बाजूनं बोलणारी पोरं काही येडी नव्हती.

आधी ही भानगड काय होती ते बघू. फेब्रुवारी 2015 मध्ये फेसबुकनं अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर 'इंटरनेट डॉट ऑर्ग' भारतात आणलं. रिलायन्सचं सिम असेल तर ठरावीक तीसेक साइट बिनपैशात उघडायच्या. महाराष्ट्र पहिल्याच यादीत होता आणि मराठी भाषाही होती. सप्टेंबरात नाव बदलून 'फ्री बेसिक्स' केलं. यादीत फेसबुक होतं, विकिपीडिया होता, हवामान होतं, नोकरीच्या जाहिराती होत्या. यूट्यूब नव्हतं, गुगल सर्च नव्हतं. यादीबाहेरच्या लिंकवर गेलात की डेटाचे पैसे लागायचे. त्या काळात एक जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजायला लागायचे, त्यामुळं यादीबाहेर कोण जातंय!

आता उसाकडं या. तुमच्या आज्ज्याला झोनबंदी विचारा. प्रत्येक कारखान्याचं कार्यक्षेत्र आखलेलं, आणि त्या हद्दीतल्या शेतकऱ्यानं ऊस त्याच कारखान्याला घालायचा. शेजारचा कारखाना जास्त दर देतोय म्हणून तिकडं न्यायची सोय नाही. शरद जोशींची शेतकरी संघटना याविरुद्ध लढली. झोनबंदी म्हणजे सरळसरळ ब्लॉकिंग. साइट उघडतच नाही.

फ्री बेसिक्स तसं नव्हतं, आणि इथंच लोक गोंधळतात. समजा कारखाना म्हणाला, "बाबा, ऊस कुठंही घाल, बंदी नाही. फक्त आमच्याकडं आणलास तर तोडणी-वाहतूक माफ. दुसरीकडं नेलास तर तो खर्च तुझा." कागदावर तुम्ही मोकळे. पण ज्याच्याकडं वाहतुकीला पैसे नाहीत तो जाणार कुठं? याला झिरो रेटिंग म्हणतात. काही साइटच्या डेटाचा दर शून्य, बाकीच्यांचा पूर्ण. बंदी न घालता माणूस वळवायचा.

यातली एक गोष्ट मराठी माणसाला जास्त लागायला हवी होती. इंटरनेट डॉट ऑर्गच्या यादीत महाराष्ट्र टाइम्स होता. एप्रिल 2015 मध्ये टाइम्स समूहानं जाहीर केलं की जिथं आमचा थेट स्पर्धक यादीत नाही तिथून आम्ही लगेच बाहेर पडतो, आणि त्यात मटाचं नाव होतं. स्पर्धक यादीत होते तिथं मात्र "ते बाहेर पडले तर आम्हीही पडू" अशी भूमिका. धंदा आहे, समजू शकतो. पण याचा उलटा अर्थ बघा. मराठी बातम्यांसाठी त्या फुकटच्या खिडकीत थेट स्पर्धा नव्हती. आणि सांगलीत उद्या एखाद्या पोरानं हळदीच्या भावाची साइट काढली, तर ती या खिडकीत येणार कशी?

तर फेसबुकचं उत्तर असं की कुणीही अर्ज करा, नियम पाळा, घेतो आत. नियम मी त्या वेळी कोर्सच्या असाइनमेंटपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचले होते. साइट साध्या फोनवर चालली पाहिजे, जावास्क्रिप्टवर अवलंबून नको, व्हिडिओ नको, मोठे फोटो नकोत, नेटवरून कॉल नकोत. तांत्रिकदृष्ट्या यात तथ्य होतं, कारण हलकी साइट स्वस्तात पोचते. खरी गोम दुसरीकडं होती. सगळं ट्रॅफिक फेसबुकच्या प्रॉक्सी सर्व्हरमधून जायचं.

प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुम्ही साइट मागितली की विनंती आधी फेसबुककडं, तिथून साइटकडं, आणि परत त्याच वाटेनं. कुठला डेटा फुकट धरायचा हे टेलिकॉम कंपनीला कळायला ही युक्ती सोपी पडते: फेसबुकच्या पत्त्यावरून आलं की मीटर बंद. सुरुवातीला तर एचटीटीपीएस चालतच नव्हतं, टीका झाल्यावर आलं. तरीसुद्धा साध्या फोनच्या ब्राउजरवर एन्क्रिप्शन फेसबुकच्या सर्व्हरपाशी उलगडून परत गुंडाळलं जायचं. म्हणजे काटा कारखान्याचा, वजन घेणारा कारखान्याचा आणि पावतीही तोच फाडणार. उसाच्या काट्यावरून आपल्याकडं किती आंदोलनं होतात ते माहितीये ना? तोच संशय इथंही घ्यायला पाहिजे. कंपनी चोरच आहे असं मी म्हणत नाही. पण काटा तपासायला बाहेरचा माणूस नको का?

भांडणाचा मजेशीर भाग म्हणजे ते जिंकलं विनोदानं. ट्रायनं मार्च 2015 मध्ये कन्सल्टेशन पेपर काढला. असला सरकारी कागद सांगून कुणी वाचत नाही. मग मुंबईच्या एआयबी या कॉमेडी ग्रुपनं एप्रिलमध्ये त्याचा शिव्यांसकट व्हिडिओ केला, दुसऱ्या काही लोकांनी ट्रायच्या प्रश्नांची तयार उत्तरं एका साइटवर ठेवली, आणि बघता बघता दहा लाखांच्या वर ईमेल ट्रायकडं गेले. एअरटेलच्या 'एअरटेल झिरो' योजनेत फ्लिपकार्ट जाणार होतं. लोकांनी त्यांच्या ॲपला एक-एक स्टार द्यायला सुरुवात केली, आणि 14 एप्रिलला फ्लिपकार्ट मागं फिरलं. पुढचा विनोद खुद्द ट्रायनं केला. ते सगळे ईमेल त्यांनी पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकले. इंटरनेटच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या दहा लाख लोकांची नावनिशीवार यादी, स्पॅमवाल्यांना एकदम रेडीमेड!

मग डिसेंबरात फेसबुक मैदानात उतरलं. पानभर जाहिराती, होर्डिंग, आणि ॲप उघडलं की 'ट्रायला मेसेज पाठवा' असं बटण. लाखो लोकांनी ते दाबलं. ट्रायचं म्हणणं पडलं की आम्ही विचारले होते चार प्रश्न, आणि यातल्या बहुतेकांत त्यांची उत्तरंच नाहीत. नुसतं 'मला फ्री बेसिक्स पाहिजे'. ट्रायनं फेसबुकला लिहिलेलं पत्र वाचण्यासारखं आहे. सरकारी भाषेत इतकं चिडलेलं पत्र क्वचित बघायला मिळतं.

8 फेब्रुवारी 2016 ला निकाल आला. कंटेंट बघून डेटाचा वेगवेगळा दर लावायचा नाही. मोडलं तर दिवसाला 50 हजार रुपये दंड, कमाल 50 लाख. त्या काळात फक्त व्हॉट्सॲपचे, फक्त फेसबुकचे स्वस्त पॅक मिळायचे, तेही यात गेले. तीनच दिवसांत फेसबुकनं फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळलं. त्यांच्या बोर्डावरचे मार्क अँड्रीसन यांनी ट्विट केलं होतं, वसाहतवादाला विरोध करून भारताचं आधीच वाटोळं झालंय अशा अर्थाचं. नंतर ते डिलीट केलं, माफी मागितली, आणि झुकरबर्गलाही त्यापासून लांब उभं राहावं लागलं. दहा महिने जे काम आपल्या लोकांना जमत नव्हतं ते त्या एका ट्विटनं केलं. ही मदत कुणाची होती, हे विसंगतच नावाखाली सगळ्यांना कळून चुकलं.

आता गणेशच्या बाजूनं बोलतो, कारण तेव्हा त्याच्या बाजूनं एक तर झुकरबर्ग बोलत होता नाहीतर कुणीच नाही. गरीब शेतकऱ्याला माहिती स्वस्तात कशी पोचवायची हा प्रश्न खराच होता. पण त्याचं उत्तर शोधायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नव्हती. वारणा नदी ओलांडा. वारणानगर.

1998 मध्ये तिथं 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. परिसरातली 70 गावं, गावात कॉम्प्युटर, ते कारखान्याशी जोडलेले. तेव्हा देशभर त्याचं कौतुक झालं. कल्पना मोठ्या होत्या, पण शेतकऱ्याला त्या कॉम्प्युटरचा उपयोग मुख्यतः साध्या गोष्टींसाठी: माझा ऊस किती टन गेला, खत किती उचललं, खात्यावर किती आहे. पुढं मशिनं जुनी झाली, वीज आपल्याकडची तुम्हाला माहितीच आहे. मग मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या टीमनं सात गावांत आठ महिने प्रयोग केला आणि तो 2007 मध्ये मांडला. कॉम्प्युटर काढून टाका, शेतकरी एसएमएस पाठवेल आणि एसएमएसवर उत्तर येईल. निष्कर्ष असा की कॉम्प्युटरवर जे होत होतं ते सगळं एसएमएसवर झालं, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. मायक्रोसॉफ्टनं पीसी काढून टाकायचा सल्ला दिला, हा विनोद मी केलेला नाही, इतिहासानं केलाय!

माझा एक मित्र लगेच म्हणतो, "अरे पण ही वारण्याची सिस्टिमही बंदच होती की. त्यात तरी कुठं यूट्यूब होतं?" बरोबर आहे. आणि ट्रायच्या 2016 च्या नियमांनीही अशी बंद नेटवर्क सोडून दिलीत, कारण तिथं आपण इंटरनेट विकतोय असं कुणी म्हणत नाही. शिवाय वारण्याचा शेतकरी त्या कारखान्याचा सभासद आहे. सहकारात राजकारण किती चालतं ते मला कुणी शिकवायला नको, पण निदान वार्षिक सभेत उठून "माझ्या उसाचं वजन कमी का दाखवताय" असं तो ओरडू शकतो. फ्री बेसिक्सच्या यादीत काय असावं यासाठी गणेशनं कुठल्या सभेत उठायचं होतं?

पुढची गंमत तुम्ही जगलाय. 5 सप्टेंबर 2016 ला थोरल्या अंबानींचं जिओ आलं आणि मार्च 2017 पर्यंत सगळंच इंटरनेट फुकट. यादी नाही, प्रॉक्सी नाही, सगळ्या साइटना एकच भाव: शून्य. गणेशचा प्रश्न नियमानं नाही, डेटा स्वस्त झाल्यानं सुटला, हे मान्य करायला पाहिजे. आमच्या बाजूचे लोक हे कबूल करायला जरा कंजूषपणा करतात. पण नियम नसता तर जिओसमोर यादीवाली स्वस्त पॅकंच उभी राहिली असती असं मला वाटतं. आणि एप्रिल 2020 मध्ये फेसबुकनं 43,574 कोटी रुपये घालून जिओ प्लॅटफॉर्म्सचा 9.99 टक्के हिस्सा घेतला. एका भावाच्या दारातून जमलं नाही, दुसऱ्याच्या दारातून आले.

आता कुंपण नेटवर्कवरून फोनमध्ये आलंय. 2017 चा जिओफोन आठवा, 1500 रुपये डिपॉझिटवाला. त्यातलं कायओएस हे मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेलं, म्हणजे मूळ मुक्त सॉफ्टवेअर. पण सिम जिओचंच, ॲप त्यांच्या स्टोअरमधलंच. व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर 2018 उजाडला, आणि तोवर तुम्ही कितीही डोकं लावलं तरी बाहेरून टाकता येत नव्हतं. सोर्स कोड खुला असून कुलूप लावता येतं, हे मला त्या फोननं शिकवलं. अँड्रॉइडचंही तसंच. ऑक्टोबर 2022 मध्ये स्पर्धा आयोगानं गुगलला 1,337.76 कोटींचा दंड केला, त्यात एक मुद्दा हाच होता की फोनबरोबर गुगलची ॲप्स गठ्ठ्यानं घ्यायला लावतात.

शेवटी एक कामाचं. 'फुकट ओटीटी' असं लिहिलेले रिचार्ज आता येतात, ते या नियमात बसतात, कारण तिथं सबस्क्रिप्शन फुकट असतं, बघताना डेटा तुमच्याच कोट्यातून कापला जातो. कंपनीच्या ॲपमध्ये डेटा वापर उघडून सिनेमाआधी आणि नंतर आकडा बघा. आकडा हललाच नाही, तर मला व्हॉइस मेसेज टाका. पुढच्या भागात बूटलोडरवर बोलू. फोन तुमचा, पैसे तुमचे, आणि किल्ली कुणाकडं, ते सविस्तर. चला, येतो.