करमा, काळोख आणि कॅमेरा

बालाघाट शहरातून बैहरचा रस्ता धरला, की वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाची सपाट शेते मागे पडतात आणि घाट चढून गाडी सालवृक्षांच्या रानात शिरते. घाटाखाली मराठी, पोवारी, हिंदी अशा बोली एकमेकींत मिसळून कानांवर पडतात. घाटावर गोंड आणि बैगा यांच्या वस्त्या लागतात. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. परंतु नकाशावरची रेघ गाण्याबजावण्याला कधी अडवीत नाही. दिवाळीनंतरच्या मंडया त्या रेघेच्या दोन्ही अंगांना भरतात, आणि ढोलकीचा आवाज कोणत्या राज्यातून आला हे विचारण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

अशा मुलखात गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची एखादी मंडळी मनात भरली, की तिचा कार्यक्रम जिथे असेल तिथे जावे आणि जाताना कॅमेरा बरोबर न्यावा, असे आज अनेकांना वाटते. कॅमेरा आता ज्याच्या त्याच्या खिशातच असतो, त्यामुळे ही गोष्ट सोपी झाली असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गाणे ही कानाची वस्तू आणि छायाचित्र ही डोळ्याची. एकीला दुसरीत पकडावयाचे म्हणजे काय काय करावे लागते, याचा उलगडा बैगांच्या करमा नाचाच्या उदाहरणाने चांगला होतो.

करमा हा मुख्यतः रात्रीचा नाच. पुरुषांची एक रांग, स्त्रियांची एक रांग. मधोमध किंवा एका अंगाला मांदर वाजविणारे. रांगा एकमेकींकडे झुकत पुढे येतात, मागे सरतात. एका बाजूने गाण्याचा प्रश्न टाकावा आणि दुसरीने उत्तर द्यावे, असा हा गीतसंवाद पुष्कळ वेळ चालतो. मांदरच्या जोडीला टिमकी, स्त्रियांच्या हातांत लाकडी ठिसकी, डोक्यावर मोरपिसांची कलगी. उजेड म्हणाल तर पूर्वी शेकोटीचा आणि चंद्राचा. आता बहुधा एखादा विजेचा दिवाही असतो.

येथेच कॅमेऱ्याची पहिली अडचण सुरू होते. छायाचित्र म्हणजे प्रकाशाचा साठा. तो तीन गोष्टींवर अवलंबून असतो: भिंगाचे छिद्र किती मोठे, शटर किती वेळ उघडे, आणि आतील फिल्म किंवा आजची संवेदी पट्टी किती तीव्र. भर उन्हात 100 या संवेदनशीलतेला छिद्र एफ-16 इतके बारीक ठेवले, तरी सेकंदाचा सव्वाशेवा भाग पुरतो. शेकोटीजवळचा उजेड मात्र उन्हाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतका असतो. तेथे छिद्र एफ-2 इतके मोठे केले, तरी 100 च्या संवेदनशीलतेला सेकंदाचा आठवा भाग लागेल, आणि तेवढ्या वेळात नाचणारे पाऊल उचलून, पुढे टाकून, टेकूनही होते. कागदावर पावलाऐवजी धूर उमटतो.

ह्या साध्या हिशेबात इतिहासाचा एक तुकडा दडलेला आहे. व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी सहकारी शामराव हिवाळे हे पुण्याच्या ख्रिस्तसेवा संघातून निघाले आणि 1932 साली मैकल डोंगरातील करंजिया या गावी जाऊन राहिले. ते गाव तेव्हा मंडला जिल्ह्यात होते. आता दिंडोरीत आहे. या दोघांनी गोंडांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची गीते गोळा केली. 1935 साली ‘साँग्स ऑफ द फॉरेस्ट’ आणि 1944 साली ‘फोक-साँग्स ऑफ द मैकल हिल्स’ ही त्यांची पुस्तके निघाली. 1939 साली एल्विन यांचा ‘द बैगा’ हा जाडजूड ग्रंथ छायाचित्रांसह प्रसिद्ध झाला. गोंडांचे भाट असलेल्या परधानांवर हिवाळे यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते 1946 चे. पुढे एल्विन यांच्याबरोबर आदिवासी मुलखांत हिंडून सुनील जाना यांनी जी छायाचित्रे काढली, ती आजही नावाजली जातात. मराठी वाचकाला एल्विन हे नाव ठाऊक असते आणि हिवाळे हे नसते, ही खेदाची गोष्ट आहे, असो.

त्या काळची फिल्म आजच्या मानाने फार मंद होती. तेव्हा अशी जुनी नृत्यचित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: शेकोटीच्या उजेडातले पाऊल त्या साधनांनी टिपणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजे चित्रकाराने एक तर झगझगता दिवा पेटवायचा, नाहीतर रात्रीचा नाच उन्हात उभा करायचा. लख्ख उन्हात नाचणारी जी रांग छायाचित्रात दिसते, ती पुष्कळदा कॅमेऱ्यासाठी नाचत असण्याचा संभव आहे. चित्र त्यामुळे खोटे ठरत नाही. अंगावरचे गोंदण, दागिने, हातांची गुंफण हे सारे खरेच असते. परंतु त्यातला प्रहर उसना असतो. काळोख, ज्याच्या आडोशाने तरुण-तरुणींची गाण्यातली थट्टा रंगते, तो चित्रातून गळलेला असतो.

आजच्या साधनाने तो काळोख परत मिळविता येतो. संवेदनशीलता 1600 केली, की मघाचा सेकंदाचा आठवा भाग सव्वाशेव्या भागावर येतो. छिद्र तेच, एफ-2. चित्रात थोडे कण दिसतील; दिसू द्यावेत. धुरात बसून पाहिलेल्या नाचाला गुळगुळीत कागद शोभत नाही. वेगाने पडणाऱ्या पावलाला मात्र सव्वाशेवा भागही अपुरा पडतो. त्यावर उपाय यंत्रात नाही, कानात आहे. प्रत्येक ठेक्यात एक क्षण असा येतो, की उचललेला हात किंवा पाय वर जाऊन थबकतो आणि खाली यायला निघतो. त्या वळणावर अंग क्षणमात्र स्थिर असते. मांदर ऐकत राहिले, की दोन-चार आवर्तनांत तो क्षण अगोदरच कळू लागतो. म्हणून पहिली काही गीते कॅमेरा न काढता नुसती ऐकावीत. गाणे ज्याला पाठ झाले त्याचे चित्र क्वचितच हुकते, आणि ज्याला गाणे ऐकायचेच नसते त्याने शंभर चित्रे काढली तरी त्यांत ताल येत नाही.

फ्लॅशबद्दल थोडे कठोर बोलणे भाग आहे. अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे जवळचा गायक चुन्यासारखा पांढरा पडतो आणि मागची सारी रांग डांबरात बुडते. शेकोटीचा तांबूस रंग तर पार नाहीसा होतो. यापेक्षा वाईट म्हणजे, काळोखाला सरावलेल्या नाचणाऱ्यांचे डोळे दिपतात. शहरांतील मोठ्या गायनसभांत वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना पुष्कळदा पहिल्या तीन गीतांपुरतीच मुभा असते, आणि फ्लॅश वर्ज्य असतो. हा निर्बंध जाचक वाटतो, पण त्यामागे गाणाऱ्याची कदर आहे. ‘इंडियन ओशन’सारखा वाद्यवृंद नर्मदेच्या खोऱ्यातले लोकगीत ‘मा रेवा’ या नावाने शहरी रंगमंचावर गातो, तेव्हा त्याला जे संरक्षण मिळते, तेच त्या खोऱ्यातील मूळ गायकांना अंगणात का मिळू नये?

रंगमंचावरच्या करम्याची अडचण निराळी. सरकारी महोत्सवांत बैगांची पथके येतात. 2022 साली दिंडोरीचे अर्जुनसिंह धुर्वे यांना बैगा नृत्यासाठी पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून या नाचाचे नाव दूरवर गेले आहे. मंचावर उजेड भरपूर असतो, पण तो क्षणाक्षणाला रंग बदलतो. तांबड्या दिव्यात चेहरा एकरंगी लालभडक होऊन नाकडोळे पुसले जातात. तेव्हा प्रकाश थोडा कमीच घ्यावा, किंवा दिवा पालटेपर्यंत थांबावे. काही विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते, आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणले, की ते बहुतेक जातात.

आता उरते ती यंत्राबाहेरची गोष्ट. कायद्याप्रमाणे छायाचित्राची मालकी सामान्यतः ते काढणाऱ्याकडे असते, आणि 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती त्याच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकते. गायक-नर्तकांना कलाकार म्हणून काही हक्क 1994 च्या दुरुस्तीने मिळाले, पण ते मुख्यतः ध्वनीच्या आणि हलत्या चित्रांच्या मुद्रणापुरते आहेत. स्थिर छायाचित्रातली बैगा स्त्री त्या चित्राची कोणीच नसते. तिचे कपाळावरचे गोंदण एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर टांगलेले असते, आणि तिला त्याची वार्ताही नसते. कान्हाच्या वाघांसाठी येणारा प्रवासी त्याच सहलीत ‘नाच’ही पाहून जातो, वाघाला विचारून चित्र काढता येत नाही, पण माणसाला विचारता येते. हा भेद घाईत विसरला जातो.

विचारण्याची रीत फार अवघड नाही. नाच सुरू होण्यापूर्वी गावातल्या वडीलधाऱ्यांना भेटावे, चित्रे कशासाठी हवीत ते सरळ सांगावे, आणि कोणी नको म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवून नुसते बसावे. पूजेचा भाग असेल तेथे तर न विचारताही तो बाहेर काढू नये. ज्यांनी होकार दिला त्यांची नावे त्यांच्याच तोंडून ऐकून वहीत टिपावीत, म्हणजे पुढे चित्राखाली ‘एक आदिवासी नर्तकी’ असे लिहिण्याची पाळी येत नाही. आणि चित्रे कागदावर छापून परत गावी न्यावीत. टपालाने पाठविण्यापेक्षा स्वतः जाणे बरे. कारण छापील चित्र हातोहात फिरू लागले, की कोण कोणत्या गाण्याला चुकले, मांदर कोणाची होती, कलगी कोणाकडून मागून आणली होती, याची चर्चा अंगणात सुरू होते, आणि छायाचित्रकाराच्या वहीत जे राहून गेले ते सारे तेथेच भरून निघते.